मधलं घर

पौषात गेणबाची भातगिरणी बंद, असं कोळवण खोऱ्यात कुणी पाहिलं नव्हतं. खळी उरकलेली. आंबेमोहराची पोती दाराशी थप्पी लावून पडलेली. बाया रिकाम्या पाट्या उपड्या घालून त्यांवर बसलेल्या, आणि आत भात कांडायच्या हलरचा पट्टा मेल्या धामणीसारखा लोंबत होता. एरवी या दिवसांत गिरणीच्या धडधडीनं समोरच्या टेकाडावरचे होले उडायचे. आज होले खुशाल पोत्यांवर उतरून दाणे टिपत होते आणि त्यांना कुणी हाकलत नव्हतं, कारण सगळ्यांचे डोळे आत, टेबलावर ठेवलेल्या पेटीवर लागले होते.

संगणक सकाळीच जीपमधून आला होता. गोधडीत गुंडाळून, दोघांनी दोन बाजूंनी धरून, ओल्या बाळंतिणीला उतरवावं तसा हळुवार. त्याला धूळ सोसत नाही आणि खोऱ्यात भरवशाची वीज गिरणीखेरीज कुठं नाही, म्हणून तालुक्याहून आलेल्या पुरवठ्याच्या साहेबांनी गेणबाला दिवसभर कांडप बंद ठेवायला लावलं होतं. गेणबानं आदल्या दिवशी भिंतींवरचा कोंडा झाडला, जमीन सारवून घेतली. तरी साहेब नाकाला रुमाल लावूनच बसले.

साल सत्त्याऐंशीचं. रेडिओवर उठता-बसता एकविसाव्या शतकाची भाषा चाले, आणि खोऱ्यातली माणसं ते शतक एस्टीनं येणार की ताम्हिणीच्या घाटानं चालत, अशी चेष्टा करीत. मग एक दिवस कळलं की रेशनकार्डं संगणकावर चढवायचा प्रयोग आपल्याच भागात होणार आहे, आणि चेष्टेची जागा मतांनी घेतली. पुण्याला बँकेत शिपाई असलेला एक गडी सुट्टीवर आला होता. तो सांगे, तिकडं बँकवाले या यंत्राच्या विरोधात घोषणा देत उन्हात उभे राहतात, ते माणसांचं काम खातं. गेणबाचं म्हणणं निराळं. त्याच्या बापानं हलर आणला तेव्हा उखळावर कांडणाऱ्या बायांनी बापाला शिव्या घातल्या होत्या, आणि आज हलर बंद म्हणून त्याच बाया गेणबाला शिव्या घालत होत्या. यंत्राचं असंच असतं, तो म्हणे, आधी नको होतं आणि मग सुटत नाही.

साहेबांचं मत मात्र सगळ्यांत ठाम होतं, आणि ते त्यांनी सकाळी पोत्यावर उभं राहून सांगितलं होतं. माणूस ओळख बघतो, पाव्हणा बघतो, आपला आणि परका बघतो. यंत्राला भाऊबंद नाहीत. त्याच्यापुढं सगळे सारखे.

गोजराबाई शेडगे हे रांगेत उभ्या उभ्या ऐकत होती. सासूला, सारजाबाईला, तिनं दाराच्या उंबऱ्याशी उन्हात बसवलं होतं. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण कान शाबूत. गोजराचं यंत्राशी काही भांडण नव्हतं. तिला कार्ड दुरुस्त करून हवं होतं, एवढंच. ज्या घराचा चुलीपासून कौलापर्यंतचा भार ती वाहत होती, त्या घराचं पहिलं माणूस म्हणून तिचं नाव कार्डाच्या वरच्या ओळीत हवं होतं.

तिला अक्षरं फार येत नव्हती. स्वतःच्या नावाची तेवढी ओळखीची होती, गावातल्या मुक्या जनावरांत आपली गाय ओळखावी तशी. नवी कार्डं वाटली तेव्हा तिनं ती अक्षरं वरच्या ओळीत शोधली. तिथं नव्हती. सापडली ती खाली, पत्नी या शब्दापुढं, पुरुषांची पंगत उठल्यावर कोपऱ्यात ताट घेऊन बसल्यासारखी. वर कुणाचं नाव आहे, हे रेशनदुकानदारानं वाचून दाखवायच्या आधीच तिला कळलं. कार्ड तिथंच ठेवून, साखर नाही की रॉकेल नाही, ती मोकळ्या हातानं घरी आली.

ते वरचं नाव इथंही यायचं नाही. तो माणूस मेलेला नव्हता. पिंपरीला कारखान्यात लागला, तिथंच दुसरीशी बिऱ्हाड थाटलं, त्या घरी पोरं झाली. तो गेला तेव्हा गोजराची धाकटी पाळण्यात होती; आता तीच धाकटी सासरी पाळणा हलवत होती. मधल्या साऱ्या पावसाळ्यांचं आवण गोजरानं केलं. आवण म्हणजे गुडघाभर चिखलात वाकून, पाठीवर इरलं घेऊन, भाताचं एकेक रोप जमिनीत खोचत मागं मागं सरकणं. सारजाबाई तिच्यापाशीच राहिली. लेकानं एकदा तिला न्यायला माणूस पाठवला, तर म्हातारीनं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

जुन्या कार्डावर दुकानदारानं धन्याचं नाव खोडून आपल्या हातानं गोजराचं लिहिलं होतं. पेनाच्या एका रेघेनं काम भागलं होतं आणि कुणाचंही काही अडलं नव्हतं. नव्या कार्डाच्या वेळी घोळ झाला तो खोऱ्यातल्या चालीपायी. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही चाल सगळ्यांनी पाळलेली. नोंदणीवाला ओटीवर बसून नाव विचारी, बाई पदर तोंडाशी नेई, आणि नाव सांगायचं पुण्य शेजारपाजार पदरात पाडून घेई. गोजरानं त्याला साफ सांगितलं होतं की वर माझंच लिहा. त्याला वाटलं, बाई लाजते. तो हसला, समोरच्या ओटीकडं वळला, आणि तिथल्या कुणीतरी चांगुलपणानं नाव सांगून टाकलं.

रांगेत गोजराच्या पुढं पलीकडच्या वाडीतली रंभाबाई होती. तिचा नवरा घोंगडं खांद्यावर टाकून कुठल्याशा महाराजाच्या मागं निघून गेलेला, अधूनमधून त्याची खबर आळंदीहून येई, कधी त्र्यंबकहून. टेबलाशी तिची गाडी अडली तेव्हा साहेबांनीच वाट काढली. नवऱ्यापुढं हयात नाही असं घाला, म्हणजे यंत्र बाईला आपोआप प्रमुख करतं. रंभाबाई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. छापणाऱ्या यंत्रानं करकर दात खाल्ले, कार्ड बाहेर आलं, ते तिनं पदराखाली घेतलं आणि कपाळावर आडवा हात धरून ती बाहेर उन्हात गेली. ऊन काही एवढं नव्हतं.

मग गोजराची पाळी आली.

यंत्रापुढं बसलेली पोरगी पुण्याच्या कंपनीतून आली होती. वृंदा तिचं नाव. हातात हिरवा चुडा अजून नवा होता. यंत्राला काय विचारायचं आणि काय बोलायचं हे शिकवणारी हीच, असं साहेबांनी सांगितल्यापासून बाया तिच्याकडं अंगात येणाऱ्या बाईकडं बघावं तशा बघत होत्या. तिनं गोजराचं नाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं भाताच्या रोपासारखी उगवत गेली. मग तिनं पतीचं नाव विचारलं.

गोजरा पडद्यावरच्या अक्षरांकडं बघत राहिली.

वृंदाला चाल ठाऊक होती आणि तिनं सकाळीच तिच्यावर तोड काढली होती. ती म्हणे, उखाण्यात घ्या मावशी. त्या युक्तीनं गिरणीचं लग्नघर झालं होतं. बाया आढेवेढे घेत, एकमेकींना कोपरानं ढोसत, आणि मग अशा नटून-थटून नाव घेत की साहेबही रुमालाआड हसत. गोजरालाही ती तसंच म्हणाली. गोजरानं पदर सारखा केला, बायांकडं एकदा पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

“आंबेमोराच्या खाचरात बगळ्यांची रांग,
आवणाला न्हवता, त्याचं नाव मला कोन म्हनतं सांग?”

बाया सवयीनं हसल्या. मग हसू ओठांवरच विरलं आणि कुणीतरी उगाच पोत्यावरचा होला हाकलला.

वृंदानं मधला मजकूर सोडून पुढं जायचं बटण दाबलं. यंत्र टीं करून अडलं. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा टीं.

“मावशी, मधलं घर रिकामं ठेवता येत नाही,” ती म्हणाली.

गोजराच्या डोळ्यांपुढं तिचं माजघर आलं. दुसरं कुठलं मधलं घर तिला माहीतच नव्हतं.

“रिकामं कुटं हाय?” ती म्हणाली. “भाताची कणगी हाय, जातं हाय, आत्याबाईंची वाकळ हाय. खुराड्यात जागा न्हाई म्हनून कोंबडी सुदिक तितंच अंडं घालतीया. येऊन बगा की.”

आता मात्र गिरणी खदखदून हसली. गेणबा पट्ट्याला धरून हसला. वृंदाही हसली, पण तिनं गोजराला हातानं जवळ बोलावलं आणि पडदा तिच्याकडं वळवला. तिथं शेजारी शेजारी हिरव्या रेघांच्या तीन चौकटी होत्या. पहिल्या घरात गोजराबाई. शेवटच्या घरात शेडगे. मधलं घर ओसाड, आणि त्याच्या उंबऱ्याशी एक उजेडाची फट लुकलुकत होती, आत कुणी यायची वाट बघत असल्यासारखी. या घरात नवऱ्याचं नाव लागतं, लग्न झालेलं नसलं तर बापाचं. दोन्ही नसेल तर यंत्र पुढं सरकत नाही.

गोजरानं त्या लुकलुकणाऱ्या फटीकडं बराच वेळ पाहिलं. तिला हसू आलं नाही. असंच घर तिच्या वाट्याला आलं होतं. ज्यानं भरायचं तो उठून गेला होता आणि ती त्यात ओणवी होऊन राबली होती. घर भरलं होतं तिनं. आणि आता हे यंत्र सांगत होतं की ते रिकामं आहे.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. ते उठून आले आणि समजुतीच्या सुरात बोलू लागले. वाईट माणूस नव्हता. एवढा मोठा प्रश्न करू नका बाई, म्हणाले, एक अक्षर बदलायचं आहे. हयात नाही असं घातलं की झालं, तुमचंच नाव वर येईल. तुम्हाला हवं तेच मिळतंय.

“आन् त्याला मारायचं कुनी, मी?” गोजरा म्हणाली.

साहेब म्हणाले, खरंच थोडंच मारायचं आहे, कागदावर.

“सायेब, त्यो मेला असता तर मी रडले असते, दिस घातले असते आन् मोकळी झाले असते. तेवडं बी सुख त्यानं दिलं न्हाई. आता जित्या मान्साचं सुतक तुमच्या पेटीपायी मी धरायची न्हाई.” तिनं कपाळाकडं बोट नेलं. “ह्ये कुकू त्याचं न्हाई. माज्या आईनं पाळन्यात लावलं तवापासनं माजं हाय. आन् ती बगा, त्याची आई हितं उंबऱ्यात बसलीया. तिच्या म्होरं म्हना, तुजा ल्योक मेला.”

साहेबांनी उंबऱ्याकडं पाहिलं. म्हातारी उन्हाकडं तोंड करून बसली होती. साहेबांना ते म्हणता आलं नाही.

मग नवऱ्याचं नाव घाला आणि वर राहू द्या, ते जरा कडकपणे म्हणाले, नियम सगळ्यांना एकच आहे. रांगेतही चुळबुळ सुरू झाली होती. भात घेऊन आलेल्या माणसांना दिवस मावळायच्या आत कांडून घरी जायचं होतं, आणि यंत्र इथून हललं तरच गिरणी चालणार होती. कुणी म्हणालं, सांगून टाक की गं, नावानं काय अंगाला भोकं पडतात. कुणी म्हणालं, सगळ्यांना साखर मिळाली, हिलाच काय निराळं पायजे. शेवटी गेणबा पुढं आला. तो नात्यानं दीर लागे, आणि आवणाच्या दिवसांत वेळीअवेळी बैल देणारा माणूस होता.

“वैनी, पाया पडतो. कायतरी सांगा आन् मोकळं व्हा. मान्सं खोळंबलीत.”

हे मात्र गोजराला लागलं. साहेब उद्या तालुक्याला जाणार, पोरगी पुण्याला जाणार. गेणबाच्या दारात तिला जन्मभर भात घेऊन यायचं होतं. पाठीमागं तिला सगळ्या रांगेचा श्वास ऐकू येत होता. एक नाव उच्चारलं की ती या श्वासांत पुन्हा मिसळली असती. तिनं टेबलाची कड धरली.

“भावजी, मी बी खोळंबलीया,” ती म्हणाली. “तुमी सकाळपासनं. मी धाकटी पाळन्यात व्हती तवापासनं.”

डोक्यावरचा पटका काढून गेणबानं तो उगाच झटकला.

गोजरा साहेबांकडं वळली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता, दुधाची चरवी चुलीवरून उतरवताना बाई बोलते तसा. तुम्ही सकाळी पोत्यावर उभं राहून सांगितलंत की यंत्राला भाऊबंद नाहीत, ती म्हणाली. मग त्याला नवरा आणि बाप एवढेच कसे माहीत? आई ठाऊक नाही, सासू ठाऊक नाही, बाई एकटी घर ओढते हे ठाऊक नाही. पेटी काही पोटातून शिकून आली नाही. कुणीतरी बाप्यानं तिला शिकवलंय.

साहेबांनी वृंदाकडं पाहिलं. सगळ्या गिरणीनं वृंदाकडं पाहिलं. शिकवणारा बाप्या नव्हता, हिरवा चुडा ल्यालेली पोरगी होती.

वृंदा खाली बघून म्हणाली की नमुना वरून ठरून आला होता. पण तिनं ते वाक्य नीट पुरं केलं नाही. तिनं पिशवीतून कागदांचा जुडगा काढला आणि ती चाळू लागली.

तेवढ्यात उंबऱ्यातून सारजाबाईनं हाक मारली. तिला म्हणे आत न्यावं. दोघी बायांनी धरून आणलं, पाटीवर बसवलं. म्हातारीनं हवेत हात फिरवून पडद्याची काच चाचपली. काच ऊबदार होती. तिनं हात तसाच ठेवला.

“पोरी, नवऱ्याचं नाव बायकूला घेता येत न्हाई. आईला येतं. मी ठिवलंय, मी घेन. मला इचार.”

वृंदानं गोजराकडं पाहिलं. गोजरानं सासूकडं पाहिलं. एवढी वर्षं एका चुलीवर जेवलेली ही बाई, पण शेवटी आई होती. तिनं आता लेकाचं नाव घेतलं असतं तर गोजराला तिचा राग करता आला नसता, आणि तेच सगळ्यात अवघड होतं.

वृंदानं विचारलं, “सांगा आजी, मधल्या घरात काय लिहू?”

“सारजा,” म्हातारी म्हणाली.

साहेब म्हणाले, आजी, तुमचं नाही, मुलाचं नाव.

“ऐकू येतंय मला. डोळं गेल्यात, कान न्हाई. त्या घरात कोन ऱ्हातंय म्हनून इचारताय न्हवं? मी ऱ्हातीया. गोजरीच्या पाठीशी कोन हाय, तर मी. लिवा, गोजराबाई सारजाबाई शेडगे. त्याला ऱ्हायचं असंल तर त्यानं यावं, आवण करावं, मंग बगू कुटं लिवायचं.”

गोजरानं सासूच्या डोक्यावरचा पदर नीट केला. तो नीटच होता.

वृंदानं मधल्या घरात ती अक्षरं भरली. यंत्रानं ती मुकाट्यानं घेतली. सारजाबाई बाई आहे की बाप्या हे त्याला कुठं कळत होतं. पण पुढच्याच ओळीला ते पुन्हा अडलं. मधल्या नावाशी नातं विचारत होतं. एक म्हणजे पती. दोन म्हणजे वडील. तिसरं नव्हतं.

साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. कोणतंही एक दाबा, म्हणाले, कार्डावर ते छापून येत नाही, कुणाला कळणार? गेणबालाही ते पटलं. रांगेलाही. गोष्ट इथं मिटण्यासारखी होती.

गोजरानं विचारलं, छापत नाही तर राहतं कुठं? वृंदानं यंत्राच्या फटीत सारलेल्या काळ्या चौकोनी चकतीकडं बोट दाखवलं. ह्यात राहतं. आणि पुढं? पुढं पुण्याला जातं, तिथून मुंबईला. खोऱ्यात घरं किती, बाया किती, कुणाची कोण, हे उद्या सरकार ह्यातूनच मोजेल.

“म्हंजी थितं सारजाबाई माजा नवरा,” गोजरा म्हणाली. कुणी हसलं नाही. “आमचं खरं फकस्त आमाला ठावं, आन् खोटं पार म्हमईला. तसं नगं.”

वृंदा म्हणाली, मी तिसरं घालू शकते. तिनं पटापट काही दाबलं आणि एक शब्द लिहून दाखवला. इतर. गोजराला तो वाचून दाखवावा लागला.

“इतर म्हंजी?”

उरलेले, वृंदा म्हणाली. म्हणजे जे कशातच बसत नाहीत ते.

“उरलेली आमटी असती, बाई. मानूस न्हाई उरत.” गोजरानं तिच्याकडं नीट पाहिलं. “तुजं नाव काय?”

“वृंदा.” ती थांबली. “लग्नात ठेवलं. आधी दुसरं होतं.”

“त्ये कुटं ठिवलंस?”

वृंदा पडद्याकडं तोंड करून बसली, आणि काचेत तिचा चेहरा हिरव्या अक्षरांच्या मागं पुसट दिसत राहिला. साहेब म्हणू लागले की शब्द आपल्या मनानं बदलता येणार नाहीत, वरून मंजुरी आणावी लागेल, प्रयोगाची एक शिस्त असते. ते बरंच बोलले. वृंदानं त्यांना बोलू दिलं. मग तिनं मघाचा जुडगा उघडून एक कागद त्यांच्यापुढं ठेवला.

“साहेब, वरून आलेल्या नमुन्यात फक्त ‘नाते’ असं लिहिलंय. पती आणि वडील हे दोन मी घातले. मला कुणी सांगितलं नव्हतं.”

साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

“मी ते घालताना विचारच केला नाही,” ती पुढं म्हणाली. “माझ्या कॉलेजच्या अर्जावर ते दोनच होते. म्हणून ह्यातही दोनच.”

म्हणजे ज्याला सगळे सकाळपासून नियम म्हणत होते, ज्यापायी रंभाबाई दिवसाढवळ्या रांडावली होती, तो नियम कुणी केलाच नव्हता. तो एका शिकल्यासवरल्या पोरीच्या बोटांतून सवयीनं सांडला होता. हे कळलं तेव्हा गोजराला तिचा राग यायला हवा होता. आलाही. पण त्या पोरीनं ते सगळ्यांच्या देखत कबूल केलं होतं, आणि तिच्या शेजारी उभा असलेला साहेब अजूनही मंजुरी मंजुरी करत होता, त्यामुळं रागाला बसायला जागा सापडेना.

“मंग घाल की,” गोजरा म्हणाली. “तुजंच हाय तर तूच घाल. पन इतर नगं. घरचं म्हन. कोन तुजं, तर घरचं. सासू असंल, आई असंल, भन असंल. जे घरात हाय ते घरचं.”

वृंदानं पदर खोचला आणि ती यंत्राच्या पोटात शिरली. पडद्यावरची घरं नाहीशी झाली, आणि कुणाला न कळणाऱ्या भाषेच्या ओळीच ओळी खालून वर सरकू लागल्या. तिला वेळ लागणार होता. साहेब बाहेर जीपपाशी जाऊन उभे राहिले. रांगेतल्या दोन-तीन गड्यांनी पोती उचलली आणि गेणबाला म्हणाले, आता यंत्र बंदच आहे तर हलर तरी लाव.

गेणबानं पट्ट्याकडं पाहिलं, मग टेबलाकडं. पटका पुन्हा डोक्याला बांधला.

“धूळ उडंल,” तो म्हणाला. “थांबू वाईच.”

आणि तो दारात आडवा बसला. सारजाबाईनं कनवटीची तंबाखू काढली, त्यालाही दिली.

सूर्य टेकाडाच्या पाठीवर आला तेव्हा हिरवी घरं परत उगवली. वृंदानं तीनचा आकडा दाबला. यंत्र टीं करून अडलं नाही. छापणारं यंत्र करकरलं, कागद इंचाइंचानं बाहेर आला, आणि गोजरा त्यावर वाकली. वरच्या ओळीत तिची अक्षरं होती. त्यांना लागून दुसरी काही होती, ती तिला वाचता येत नव्हती, पण ती कुणाची हे ठाऊक होतं. तिनं सासूचं बोट धरून त्या ओळीवरून फिरवलं. शाई ओली होती, थोडी फिसकटली. राहू दे, म्हातारी म्हणाली, मला दिसंना तर निदान लागू दे.

साहेबांनी आत येऊन आवरायला सांगितलं. अजून दोघा-तिघांची नावं होती, ती नंतर कचेरीत बघू, म्हणाले. वृंदा गोधडी उचलायला वाकली आणि थांबली.

दारात गेणबा बाजूला सरला होता आणि रंभाबाई आत येत होती. ती सकाळीच कार्ड घेऊन गेलेली, तिचं काम झालेलं होतं. बरीच वाट चालून परत आली असावी. पाय धुळीनं माखले होते. तिनं पदराखालून कार्ड काढलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

“ह्ये पुसायचं,” ती म्हणाली.

साहेब म्हणाले, बाई, तुमचं झालंय. वेळ संपली आता. त्यांनी गोधडीचं एक टोक धरलंही. गोजरानं सासूची पाटी सरकवून टेबलाला भिडवली, म्हातारीला तीवर बसवलं आणि आपण तिच्या शेजारी जमिनीवर मांडी घातली. आता त्या दोघींना ओलांडल्याशिवाय यंत्र उचलता येणार नव्हतं. मागच्या बायांतल्या एकीनं आपली पाटी आणून शेजारी उपडी घातली. मग आणखी एकीनं.

वृंदानं गोधडीचं टोक साहेबांच्या हातातून सोडवून घेतलं, गोधडी घडी करून खुर्चीवर ठेवली आणि तीवर बसली.

“नाव?” तिनं विचारलं.

रंभाबाईनं सांगितलं.

“पती हयात आहेत?”

“हाय की,” रंभाबाई म्हणाली. “घरचा न्हाई.”